पावसाळ्यात ग्रॅनाइटवर लेसरची अक्षरं फिकट उठतात: ट्यूब बदलण्याआधी काय तपासायचं

जून लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नावपाट्या, कोनशिला आणि स्मृतिफलक करणाऱ्या दुकानांतून एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "दादा, मेपर्यंत मशीन झकास चालत होतं. आता अक्षर फिकट उठतंय. ट्यूब गेली काय?" ट्यूब, म्हणजे जिच्यात लेसरचा किरण तयार होतो ती काचेची नळी, कधीकधी खरंच गेलेली असते. पण बहुतेक वेळा ती शाबूत असते, दोष दमट हवेचा असतो आणि तो कुठे शिरलाय ते शोधायला फारसा खर्च येत नाही. नवी ट्यूब टाकूनही अक्षर फिकटच उठलं की दुकानदाराचा जीव किती खालीवर होतो ते मी पाहिलंय. म्हणून तपासणीचा क्रम इथे लिहून ठेवतो. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर.

हे सगळं काचेच्या ट्यूबच्या कार्बन डायऑक्साइड लेसर मशीनबद्दल आहे, साधारण ६० ते १०० वॅटच्या. फायबर लेसरला यातलं सगळं लागू नाही.

लक्षणं

फिकट म्हणजे नेमकं कसं, हे आधी बघा. त्यावरून अर्धा शोध लागतो.

- पाटीभर सारखंच फिकट: लेन्स, मिरर, थंड पाण्याचं तापमान किंवा ट्यूब.
- एका कोपऱ्यात स्वच्छ पांढरं, समोरच्या कोपऱ्यात पुसट: दगड तिरका बसलाय किंवा मिररची सरळ रेष बिघडलीय.
- ढगासारखे डाग, एकाच शब्दातली दोन अक्षरं ठळक आणि तिसरं पुसट: दोष दगडाच्या पृष्ठभागावर.
- सकाळची पहिली पाटी वाईट, अकरा-बारापर्यंत आपोआप सुधारणा: दव.
- सकाळी चांगलं, तासाभराने उतरत जातं: चिलर (ट्यूबभोवती थंड पाणी फिरवणारं यंत्र) पुरा पडत नाही किंवा लेन्स तापते.
- अक्षर पांढरं होण्याऐवजी करडं आणि काचेसारखं चकचकीत: पॉवर जास्त किंवा वेग कमी.
- मध्येच बीम तुटतो, मागच्या बाजूने चटचट आवाज येतो, ट्यूबमधला विद्युतप्रवाह दाखवणारा मिलिअँपिअरचा काटा नाचतो: इथे पुढचं काही करू नका. मशीन बंद करा, मुख्य स्विच काढा आणि थेट शेवटच्या 'इथे थांबा' या भागाकडे जा.

अक्षर उठतं कसं

हे समजलं तर पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. आपण वापरतो तो कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. या लेसरच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. हा किरण डोळ्याला दिसत नाही, पण दगडातली सिलिकेट खनिजं तो चांगलाच शोषून घेतात. पृष्ठभाग क्षणात तापतो. प्रत्येक खनिज वेगवेगळं फुगतं, त्यामुळे बारीक तडे जातात, थोडा थर वितळून पुन्हा गोठतो. त्या भेगाळलेल्या थरावर उजेड विखुरतो आणि काळ्या पॉलिशवर तो भाग पांढरा दिसतो. म्हणजे आपण खोल काही कोरत नाही, वरचा पातळ थर तडकवतो.

क्वार्ट्झ असलेल्या दगडात एक गोष्ट जास्तीची होते. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची रचना बदलते आणि आकारमान एकदम वाढतं, म्हणून कपचे उडतात. तेलविहिरी लेसरने खोदता येतील का, याचा अभ्यास अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत झाला. तिथेही हेच दिसलं की दगड वितळवण्यापेक्षा तडकवून उडवायला कमी ऊर्जा लागते. म्हणून पॉवर वाढवत गेलं तर अक्षर एका हद्दीपर्यंत उजळतं आणि त्यापुढे काच होऊन करडं पडतं. फिकट दिसलं की पॉवर वाढवायची सवय याच कारणाने नडते, शिवाय ट्यूबचं आयुष्य घटतं ते वेगळंच.

आता पाण्याचं. १०.६ मायक्रोमीटरचा किरण पाणी फार जोरात शोषतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा पाण्याचा थर मध्ये आला तरी त्याची बरीचशी ताकद तिथेच संपते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर असा थर कुठेही बसू शकतो: दगडावर, लेन्सवर, मिररवर, ट्यूबच्या तोंडावर. पुढचा सगळा शोध याच थराचा आहे.

पहिली तपासणी: साक्षीचा तुकडा

याला खर्च नाही. मशीन उत्तम चालत असताना, म्हणजे हिवाळ्यात, चांगल्या काळ्या ग्रॅनाइटचा वीतभर तुकडा घ्या. त्याच्या एका कडेला चौकोनांची पट्टी मारा, प्रत्येक चौकोनाची पॉवर वेगळी. वेग, पॉवर, रेषांची घनता (इंचाला किती रेषा) मागे मार्करने लिहा. तुकडा प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवून द्या.

तक्रार आली की त्याच तुकड्यावर, त्याच सेटिंगला, शेजारी दुसरी पट्टी मारा. दोन्ही पट्ट्या सारख्या आल्या तर मशीन निर्दोष आहे, दोष गिऱ्हाइकाच्या दगडात आहे. नवी पट्टी फिकट आली तर दोष मशीनकडे. एवढ्या एका गोष्टीने निम्मी धावपळ वाचते. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीनंतरही याच तुकड्यावर पट्टी मारा. गिऱ्हाइकाच्या पाटीवर प्रयोग करायचे नाहीत, कोणाच्या आईवडिलांचं नाव असतं तिथे.

असा तुकडा तुमच्याकडे नसेल तर निदान जुन्या चांगल्या पाटीचा उरलेला भाग शोधा.

दुसरी तपासणी: दगड

दगड ओला असतो हे कोणाला पटत नाही, कारण हाताला तो कोरडा लागतो. पण पाऊस सुरू व्हायच्या आधी घरातली फरशी घामेजते ते आपण सगळे बघतो. तेच पाटीचं होतं. रात्रभर गार पडलेला जाड दगड सकाळी उघड्या शटरमधून येणाऱ्या दमट हवेत ठेवला की त्यावर नजरेला न दिसणारा थर धरतो. पॉलिशवर तोंडाची वाफ सोडा. वाफेचा डाग दोन-तीन सेकंदांत उडाला तर दगड कोरडा. रेंगाळला तर पाटी आदल्या रात्रीपासून मशीनच्याच खोलीत आणून ठेवायला हवी होती. घाई असेल तर सुक्या कापडाने पुसून पंख्याखाली ठेवा आणि खोलीएवढी गरम होऊ द्या. हीट गनने एका जागी तापवू नका. पातळ पाटी चिरते.

मग मेण आणि रंग. बाजारातल्या पॉलिश लाद्यांवर मेण किंवा रेझिन असतं. काही लाद्यांना काळा रंग पाजलेला असतो, मुळात दगड करडाच. पांढऱ्या कापडावर थोडं ॲसिटोन घेऊन पाटीच्या मागच्या कडेला आणि मग पुढच्या कोपऱ्यात घासा. कापड काळं झालं तर रंग दिलेला दगड आहे. त्यावर ढगाळ डाग येणारच, कारण रंग सगळीकडे सारखा मुरलेला नसतो. अशी पाटी परत करा. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून पुसून पूर्ण उडाल्याशिवाय पाटी मशीनमध्ये घालायची नाही.

दगडाची जातही बघा. काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारा बराचसा दगड भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. आपल्याला त्याचं वावडं नाही, उलट एकसारखा बारीक दाणा असल्यामुळे फोटो त्यावरच छान उठतो. गोंधळ कडप्प्याचा होतो. कडप्पा म्हणजे चुनखडीचा काळा दगड, ओट्याला आणि फळ्यांना वापरतात तो. घासून तेल लावला की दुरून ग्रॅनाइटच वाटतो. न दिसणाऱ्या कडेला लोखंडी खिळ्याने ओढा: कडप्प्यावर ओरखडा पडतो, ग्रॅनाइटवर खिळ्याचीच करडी रेघ उमटते आणि ती पुसली जाते. लिंबाचा थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसलात तर कडप्प्याची चमक तेवढ्या ठिपक्यात गेलेली दिसते. कडप्प्यावर अक्षर करडंच उठणार. मशीनचा दोष नाही.

पांढऱ्या संगमरवराच्या कोनशिलेसाठी लेसरचा आग्रह होतो. तिथे मी सरळ नाही म्हणायला सांगतो. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही म्हणून लोक रंग भरतात. पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे ८०० अंशांच्या पुढे त्याचा कळीचा चुना होतो, तो आपल्या हवेतलं पाणी ओढतो आणि भुगा होतो. भुग्यावर बसलेला रंग पहिल्याच पावसात सुटतो. उद्घाटनाच्या दिवशी सुंदर दिसणारी कोनशिला वर्षभरात वाचता येईनाशी होते. संगमरवराला छिन्नी किंवा सँडब्लास्टिंगच बरं.

जांभ्याचंही तसंच. चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा, आतला रंग जागोजागी वेगळा. त्यावर किरण पडला की पिवळसर भागातलं गोएथाइट नावाचं लोहखनिज तापून लाल हेमटाइट होतं, पण कडा स्पष्ट येत नाही. कंपाउंडच्या चिऱ्यावर थेट नाव हवं असेल तर ग्रॅनाइटची पाटी त्यात बसवून द्या.

तिसरी तपासणी: फोकस आणि सेटिंग

इथे पाच मिनिटं पुरेत. लेन्स ५०.८ मिलिमीटरची असेल तर एक-दोन मिलिमीटरचा फरकही अक्षरात दिसतो. मोठी लादी क्वचितच एका जाडीची असते. चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी फोकसची पट्टी लावून बघा, जिथे कमी पडेल तिथे खाली पॅकिंग द्या. पावसाळ्यात टेबलाखालचं प्लायवूड फुगून एक बाजू उचलली जाते, तेही बघा.

रेषांची घनता वाढवून पांढरेपणा वाढत नाही. ठिपके एकमेकांवर चढून काच होते. फोटोसाठी इंचाला ३०० च्या पुढे गेला असाल तर खाली या आणि पुन्हा साक्षीच्या तुकड्यावर बघा.

चौथी तपासणी: लेन्स आणि मिरर

मशीन बंद, प्लग बाहेर. लेन्स काढताना बोटांना हातमोजे घाला. लेन्स झिंक सेलेनाइडची असते: मऊ, लवकर ओरखडणारी आणि फुटली तर तिची पूड विषारी. कडेला धरा, टेबलावर मऊ टिशू पसरून त्यावर ठेवा.

उजेडाकडे तिरकी धरा. धूळ दिसली तर आधी फुग्याने हवा मारा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या लेन्स टिशूने एकाच दिशेने, जोर न देता ओढा. तोच टिशू परत वापरायचा नाही. दगडाची धूळ म्हणजे सिलिकेटचे बारीक कण, लेन्सपेक्षा कठीण. सुक्या कापडाने घासलंत तर तुम्हीच लेन्स कापताय. मधोमध पांढुरका किंवा तपकिरी डाग राहिला, पुसून जात नाही, तर कोटिंग जळालंय. ती लेन्स बदलावी लागते, पुसून उपयोग नाही.

मालवण, वेंगुर्ला, गुहागर अशा अगदी किनाऱ्यालगतच्या दुकानांसाठी एक गोष्ट वेगळी. खाऱ्या वाऱ्याने मिररवर मिठाचा थर बसतो. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात आपली हवा त्याच्या वरच असते. म्हणजे मिरर स्वच्छ दिसतो, पण त्यावर खाऱ्या पाण्याचा थर असतो, किरण तिथे अडतो आणि मीठ मिररचं कोटिंगही खातं. अल्कोहोलने मीठ नीट निघत नाही. आधी डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेला टिशू, मग अल्कोहोल, मग पूर्ण सुकू देणं. किनाऱ्यावर हे आठवड्याला करावं. चिपळूण-कणकवलीसारख्या आतल्या भागात पंधरा दिवसांनी चालतं.

पाचवी तपासणी: दव आणि चिलर

इथे थोडं थांबून वाचा. कोकणातल्या पावसाळी तक्रारींचं मूळ मला इथेच सर्वांत जास्त सापडतं.

थंड ताकाच्या पेल्यावर बाहेरून पाणी सुटतं तसंच ट्यूबवर सुटतं. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्याला दवबिंदू म्हणतात. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. हवा २८ आणि आर्द्रता ९० असेल तर सुमारे २६. आता तुमचा चिलर किती वर आहे बघा. बहुतेकांनी मशीन आलं त्या दिवशी २० वर ठेवलेला असतो, कारण बसवणारा तसं सांगून गेला. हिवाळ्यात ते बरोबर होतं. पावसाळ्यात २० अंशांचं पाणी फिरणारी ट्यूब म्हणजे दवबिंदूच्या सहा-सात अंश खाली असलेली काच. तिच्या दोन्ही टोकांना आणि किरण बाहेर पडतो त्या खिडकीला पाणी सुटतं. किरण तिथेच अडतो. वाईट गोष्ट अशी की शोषलेल्या उष्णतेने ती खिडकी तडकू शकते, आणि मग ट्यूब खरोखरच जाते.

मग चिलर २८ वर ठेवायचा का? नाही. काचेच्या ट्यूबला साधारण १८ ते २५ अंशांचं पाणी मानवतं, नेमका आकडा तुमच्या ट्यूबच्या माहितीपत्रकात असतो. त्याच्या वर गेलं की वायूची कार्यक्षमता उतरते आणि अक्षर त्यानेही फिकट होतं. थोडक्यात, उघड्या शटरच्या दुकानात जुलै महिन्यात चिलरचं कोणतंच सेटिंग बरोबर नसतं. खाली ठेवलं तर दव, वर ठेवलं तर पॉवर कमी. बटणं फिरवून हा तिढा सुटत नाही, खोलीच कोरडी करावी लागते.

मशीनपुरती बंद खोली करा, ॲल्युमिनियमचं पार्टिशन चालेल. आत एसी. एक साधं तापमान-आर्द्रता मीटर भिंतीवर टांगा, ते स्वस्तात मिळतं. खोली २६ अंश आणि आर्द्रता ५५ टक्क्यांपर्यंत आली की दवबिंदू १६ च्या आसपास उतरतो. तेव्हा चिलर २० वर बिनधास्त चालवा. क्रम मात्र पाळा: सकाळी आधी एसी, मीटर ६० च्या खाली येईपर्यंत थांबा, मग चिलर, मग मशीन. संध्याकाळी उलटा: आधी मशीन, मग चिलर, शेवटी एसी. दुपारी जेवायला जाताना एसी बंद करून चिलर चालू ठेवणारे बरेच आहेत. परत येईपर्यंत ट्यूब ओली झालेली असते. लाइट गेल्यावर जनरेटरवर मशीन आणि चिलर घेतलं, एसी घेतला नाही, तरी तेच होतं. एसी झेपत नसेल तर काम थांबवा.

एक्झॉस्ट ब्लोअर खोलीतली कोरडी हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच दमट हवा दाराच्या फटीतून आत येते. म्हणून मोठी पाटी सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने मीटर पुन्हा वर चढतं. ब्लोअर बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. दगडाच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. ब्लोअर काम चालू असताना आणि नंतर पाच मिनिटं चालवा, एरवी बंद ठेवा आणि बाहेरच्या पाइपला झडप बसवा. पाटीवरची पूड झाडूने उडवू नका. पाण्याने ओली करून ब्रशने काढा, नाकावर एन-९५ मास्क.

चिलरमधलं पाणीही याच वेळी बघा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही. त्यातल्या क्षारांमुळे ते वीज वाहून नेतं, ट्यूबच्या उच्च दाबाला ते परवडत नाही. डिस्टिल्ड पाणी भरा. नळीत हिरवट शेवाळ दिसलं तर पूर्ण काढून धुवा, प्रवाह कमी झाला की ट्यूब आतून तापते.

सहावी तपासणी: कॉम्प्रेसरची हवा

नोजलमधून येणारी हवा लेन्सला धुळीपासून वाचवते, पण पावसाळ्यात तीच हवा पाणी आणते. कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो, टाकीत पाणी साठतं आणि नळीतून थेंब थेंब लेन्सच्या खालच्या बाजूला जातात. वरून लेन्स स्वच्छ, खालून ओली. नोजलसमोर कोरडा आरसा एक मिनिट धरा. बारीक शिंतोडे दिसले तर कारण सापडलं. टाकीचा खालचा नळ रोज उघडा, नळीवर पाणी अडवणारा फिल्टर लावा.

सातवी तपासणी: मिररची रेष

कोपऱ्याकोपऱ्याला फरक असेल तरच इकडे या. मिररसमोर मास्किंग टेपचा तुकडा लावून अगदी कमी पॉवरचा ठिपका मारतात आणि हेड चारही कोपऱ्यांत नेऊन ठिपका तिथेच पडतो का बघतात. हे करायला झाकण उघडावं लागतं, आणि इथून पुढे धोका खरा आहे. किरण दिसत नाही, कातडी आणि डोळ्याचा पारदर्शक पडदा तो जाळतो. १०.६ मायक्रोमीटरसाठीचा चष्मा घाला. फायबर लेसरचा चष्मा इथे चालत नाही, तरंगलांबी वेगळी आहे. खोलीत दुसरं कोणी नको, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. आधी कोणी समोर बसवून शिकवलं नसेल तर ही तपासणी करू नका, तंत्रज्ञाला बोलवा.

आठवी तपासणी: काटा आणि व्होल्टेज

मशीनवर मिलिअँपिअरचा काटा असेल तर तो नेहमीच्या पॉवरला किती दाखवतो ते लिहून ठेवा. काटा पूर्वीएवढाच, स्थिर, लेन्स-मिरर स्वच्छ, खोली कोरडी आणि तरी साक्षीच्या तुकड्यावर फिकट: तेव्हाच ट्यूब थकली असं म्हणायचं. निरोगी ट्यूबमधला उजेड गुलाबी-जांभळा असतो, वायू बिघडला की तो पांढुरका होत जातो. काटा कमी दाखवतो किंवा नाचतो तर ट्यूबपेक्षा पॉवर सप्लाय, व्होल्टेज किंवा अर्थिंगचा संशय धरा.

पावसाळ्यात झाडं पडतात, तारा हलतात, व्होल्टेज खालीवर होतं. स्टॅबिलायझर हवाच. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. आपल्याकडे सड्यावरच्या, कातळावरच्या दुकानांत मातीच कमी असते, खड्डा उथळ घेतलेला असतो आणि मशीनच्या अंगाला हात लावला की झिणझिणी येते. झिणझिणी आली तर मशीन वापरायचं नाही.

इथे थांबा

ट्यूबकडे जाणाऱ्या लाल वायरमध्ये २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. चटचट आवाज, ओझोनचा उग्र वास, वायरजवळ निळी ठिणगी, यातलं काहीही दिसलं की मागचं झाकण उघडायचं नाही. ओल्या, खारट धुळीवरून वीज वाट काढतेय असा त्याचा अर्थ. बंद केल्यावरही पॉवर सप्लायच्या आत भार शिल्लक राहतो. वायरला टेप गुंडाळणं, सिलिकॉन लावणं असले उपाय तुम्ही स्वतः करू नका. ट्यूबला तडा, ट्यूबमध्ये पाणी, पॉवर सप्लायला जळका वास, यातही तंत्रज्ञच.

दुसरी जागा थांबायची आहे ती मशीनच्या बाहेरची. दगड साफ करायची हातात धरायची लेसर यंत्रं आता मिळू लागलीत, आणि देवळाच्या पायऱ्या, वीरगळ, जुने शिलालेख "उजळून द्या" अशी मागणी येते. लेसरने दगड स्वच्छ करता येतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन ॲस्मस यांनी व्हेनिसमध्ये संगमरवरावरची काजळी लेसरने काढून दाखवली होती. पण तिथला काळा थर किरण शोषतो आणि खालचा पांढरा दगड परतवतो, म्हणून ते साधलं. आपला काळा दगड आणि जांभा स्वतःच किरण शोषतात. थर आणि दगड यातला फरक यंत्राला कळत नाही, जांभ्याचा रंग पालटतो आणि तो परत येत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्या सड्यांवर किंवा कोणत्याही जुन्या शिल्पावर असलं यंत्र चालवायचं नाही. गावकरी कितीही आपुलकीने म्हणाले तरी पुरातत्त्व विभागाला आणि संवर्धन शिकलेल्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: साक्षीच्या तुकड्यावरच्या जुन्या-नव्या पट्टीचा फोटो, काट्याचा आकडा, चिलरचं तापमान, खोलीचं तापमान आणि आर्द्रता, ट्यूब किती वॅटची आणि कधी बसवली, आणि दोष सकाळी जास्त असतो की दुपारी. यावरून येणारा माणूस लेन्स घेऊन निघायचं की पॉवर सप्लाय घेऊन, हे घरूनच ठरवू शकतो, आणि घाटातली त्याची दुसरी खेप वाचते.